सर्वपित्रीचे शिपाई

कल्याण सोडून कर्जतच्या दिशेने निघालेली गाडी विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी एकेक स्थानके मागे टाकीत जाते. या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला उल्हासनगरातील कोणाच्या घरी जावयाचे असेल, तर पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘कॅम्प कितवा?’ एक ते पाच असे कॅम्पचे क्रमांक, त्यांच्या पोटात बराकींचे क्रमांक. ज्या बराकींनी हे क्रमांक दिले त्यांच्या जागी आता चार-पाच मजली इमारती उभ्या आहेत. पण पत्त्यातला कॅम्प काही गेलेला नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ उभारलेला हा लष्करी तळ. फाळणीनंतर सिंधमधून उखडून आलेल्या कुटुंबांना सरकारने येथे आसरा दिला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी या वसाहतीचे उल्हासनगर असे नामकरण केले. भोपाळजवळचे बैरागढही असेच. तेथे महायुद्धात इटालियन युद्धकैदी ठेवलेले होते. पुढे त्याच जागी सिंधी निर्वासितांची वस्ती झाली. शिपाई, कैदी आणि निर्वासित हे तिघेही एकाच बराकीचे वारसदार असतात, हे या दोन गावांइतके स्पष्टपणे दुसरीकडे क्वचितच दिसेल.

या तिघांत आणखी एक साम्य आहे. तिघांनाही प्रथम क्रमांक मिळतो आणि नाव मागून मिळते. कधी कधी मिळतच नाही. सिंधमधून आलेल्या माणसाने बराकीच्या क्रमांकापुढे आपल्या दुकानाची पाटी लावली, नाव लिहिले, आणि छावणीचे शहर करून दाखविले. शिपाई तळावरून पुढे गेला. त्यांतला जो रणात पडला त्याला निदान वीरगतीचा मान मिळाला. परंतु जो शत्रूच्या हाती सापडला आणि कैदेतच मेला, त्याच्या वाट्याला काय आले, हा प्रश्न आपण फारसा कधी विचारलेला नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

कुटचा वेढा

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, जी फौज गेली तिला आमच्याकडील जुनी माणसे ‘बसऱ्याला गेलेली पलटण’ म्हणत. या फौजेतील सहावी डिव्हिजन ‘पूना डिव्हिजन’ या नावानेच ओळखली जात असे. तिच्यात १०३ वी, ११० वी व ११७ वी अशा तीन मराठा पलटणी होत्या. त्यांत कोकणी मराठे होते, देशावरचे मराठे होते, आणि दख्खनी मुसलमानही होते. शिपायाचा महिन्याचा पगार अकरा रुपये. रत्नागिरी-साताऱ्याकडील ज्या घरांत जमिनीचा तुकडा लहान आणि खाणारी तोंडे अधिक, त्या घरांतील थोरला किंवा धाकटा पलटणीत जाई. मनिऑर्डर घरी येई.

जनरल टाऊनशेंड या सेनापतीच्या हाताखाली ही डिव्हिजन टायग्रिस नदीच्या काठाने बगदादच्या रोखाने चालून गेली. २२ नोव्हेंबर १९१५ रोजी टेसिफोन येथे तुर्कांशी घनघोर लढाई झाली. फौजेची इतकी हानी झाली की तिला माघार घ्यावी लागली. ३ डिसेंबरला ती नदीच्या वळणात वसलेल्या कुट-अल-अमारा या गावात येऊन थांबली आणि ७ डिसेंबरपासून तुर्कांनी तिला वेढा घातला. वेढा १४७ दिवस चालला. बाहेरून मदतीस निघालेल्या फौजांनी पुनःपुन्हा प्रयत्न केले; आत अडकलेल्यांना सोडविण्याच्या खटपटीत सुमारे तेवीस हजार माणसे ठार वा जखमी झाली. शेवटी शेवटी विमानांतून धान्याची पोती टाकण्यात आली; पण त्यांनी काय होणार? धान्य संपले तेव्हा घोडी-खेचरे मारण्यात आली. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांना घोड्याचे मांस वर्ज्य होते. हिंदुस्थानातील धर्ममार्तंडांकडून परवानगी मागवून झाली, तरी गावी परतल्यावर आपणास वाळीत टाकतील ही धास्ती शिपायांच्या मनातून गेली नाही. मूठभर पिठावर ते दिवस काढीत राहिले. स्कर्व्ही, हगवण आणि उपासमार यांनी माणसे झडू लागली.

सोन्याच्या मोबदल्यात ही फौज सोडवून घ्यावी म्हणून इंग्रजांनी गुप्तपणे दहा लाख, नंतर वीस लाख पौंड देऊ केले. तुर्कांनी ते नाकारले. २९ एप्रिल १९१६ रोजी कुट पडले. सुमारे तेरा हजार माणसे कैद झाली. त्यांतील दहा हजारांच्या आसपास हिंदी होती : शिपाई, आणि त्यांच्याबरोबरचे भिस्ती, आचारी, खेचरवाले.

वाळवंटातील वाट

यानंतर जे घडले ते लढाईहून भयंकर होते. अधिकाऱ्यांना शिपायांपासून वेगळे काढण्यात आले. जनरल टाऊनशेंड इस्तंबूलजवळच्या एका बेटावरील बंगल्यात युद्ध संपेपर्यंत सुखाने राहिला. आणि पाच महिन्यांच्या उपासाने खंगलेल्या त्याच्या शिपायांना मे-जूनच्या उन्हात चालविण्यात आले. बगदाद, तेथून समाऱ्यापर्यंत आगगाडी, पुढे पुन्हा पायी मोसूल, आणि मोसूलहून वाळवंट तुडवीत रास-अल-ऐन. पायांत बूट नाहीत, डोक्यावर छप्पर नाही, पाण्याचा भरवसा नाही. जो मागे पडला तो मागेच राहिला. रास-अल-ऐनला व तेथून पुढच्या डोंगरांत बगदाद रेल्वेचे काम चालू होते; जगलेल्यांना त्या रुळांवर आणि बोगद्यांत राबविण्यात आले. गोऱ्या शिपायांपैकी तर दोन तृतीयांश कैदेत मेले. हिंदी कैद्यांपैकी मेलेले आणि ठावठिकाणा न लागलेले मिळून सुमारे तिघांत एक परत आला नाही.

या वाटेचे एक वर्णन बंगालीत आहे. शिशिर सर्वाधिकारी हा बंगाल ॲम्ब्युलन्स कोअरमधील तरुण कुटला पकडला गेला आणि रास-अल-ऐनच्या इस्पितळात काम करीत राहिला. त्याने लपवूनछपवून रोजनिशी ठेवली. तिच्याच आधारे लिहिलेले त्याचे ‘अभि ले बगदाद’ हे पुस्तक १९५० च्या दशकाच्या अखेरीस कलकत्त्यास प्रसिद्ध झाले. त्याच वाटांवर आर्मेनियन लोकांना हाकलीत नेऊन मारले जात होते, तेही त्याने पाहिले व लिहिले. तो शिकलेला होता म्हणून हे शक्य झाले. मराठा पलटणीतला शिपाई बहुधा निरक्षर. त्याचे पत्र दुसऱ्याने लिहावयाचे आणि गावी तिसऱ्याने वाचावयाचे. त्याचे दुःख त्याच्याबरोबरच संपले.

दगडावरचा क्रमांक

इंग्रजांनी युद्धानंतर बसऱ्याजवळ मोठे स्मारक बांधले व १९२९ साली त्याचे अनावरण केले. १९१४ ते १९२१ या काळात मेसोपोटेमियात मेलेल्या आणि ज्यांची थडगी माहीत नाहीत अशा चाळीस हजारांवर माणसांचे ते स्मारक. त्यावर गोऱ्या शिपायाचे नाव कोरलेले आहे. हिंदी अधिकाऱ्याचे नाव कोरलेले आहे. हिंदी शिपायाचे मात्र नाव नाही. त्याच्या पलटणीच्या नावाखाली मेलेल्यांची फक्त संख्या आहे. नावे ठाऊक नव्हती असे नव्हे. ती छापील नोंदवहीत होती. कागदावर असलेले नाव दगडावर आणण्याइतकी त्या शिपायाची योग्यता कोणाला वाटली नाही, एवढाच त्याचा अर्थ. १९९७ साली सद्दाम हुसेनच्या राजवटीत हे स्मारक मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर दूर वाळवंटात नेऊन उभे करण्यात आले. शिपाई ज्या वाळूत हरवला तेथेच त्याची संख्याही गेली.

युद्धकबरींची व्यवस्था पाहणाऱ्या राष्ट्रकुलाच्या आयोगाने एप्रिल २०२१ मध्ये आपल्या इतिहासाविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला. हिंदी, आफ्रिकी व इतर सैनिकांच्या स्मरणात भेदभाव झाला हे त्यात मान्य केले आणि माफी मागितली. किमान ४५ हजार जणांचे स्मरण असमान रीतीने झाले आणि किमान १ लाख १६ हजार जणांचे नावाने, किंवा मुळीच, झाले नाही, असा त्यातील हिशेब आहे. शंभर वर्षांनी आलेली ही कबुली स्वागतार्हच आहे. परंतु दुसऱ्याने माफी मागितली म्हणजे आपले कर्तव्य संपत नाही.

कारण आपणही काय केले? आपल्या गावोगावच्या चावड्यांवर, शाळांच्या भिंतींवर संगमरवरी पाट्या आढळतात : या गावातून इतके जण महायुद्धास गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाने ४६ जण दिले. ते गाव ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणून आजही ओळखले जाते. परंतु बहुतेक पाट्यांवर पुन्हा तेच : संख्या. गंमत अशी की ब्रिटिश सरकारने मृताच्या वारसास पाठविलेली जी काशाची तबकडी होती, तिच्यावर हुद्दा मुद्दाम वगळून नुसते नाव कोरलेले असे. मरणात सारे समान, ही त्यामागची भूमिका. म्हणजे शिपायाचे नाव कोठे उरले असेल तर ते सरकारी दगडावर नव्हे, घरातल्या एखाद्या फडताळात पडलेल्या त्या तबकडीवर. ‘तो स्वातंत्र्यासाठी व सन्मानासाठी मेला’ अशा आशयाची अक्षरे तिच्या कडेने आहेत. ज्याचा देश परतंत्र होता त्याच्या आईच्या हाती ही तबकडी पडली, तेव्हा ती अक्षरे तिला वाचता येत नव्हती हे एका अर्थी बरेच झाले.

दोन आक्षेप

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, हे शिपाई इंग्रजांच्या साम्राज्यासाठी लढले; त्यांचे स्मरण आपण का करावे? आक्षेप वरवर सबळ आहे. पण साम्राज्याचा हिशेब शिपायाकडे मागणे हा न्याय नव्हे. तो अकरा रुपयांसाठी गेला होता, आणि त्या अकरा रुपयांत त्याच्या घरची चूल पेटत होती. आपण त्या युद्धाचा गौरव करू नये. करण्याचे कारणही नाही. माणसाचे स्मरण करणे म्हणजे युद्धाचे समर्थन करणे नव्हे.

दुसरा आक्षेप कोणी उघड बोलून दाखवीत नाही, पण तो मनात असतो : शरण गेला तो कसला वीर? येथे मराठी माणसाने तरी आपलीच परंपरा आठवावी. १६८९ साली संगमेश्वरी पकडले गेलेले छत्रपती संभाजी महाराज शत्रूच्या कैदेतच मृत्यू पावले. त्यांच्या कैदेला आपण लांछन मानले नाही. उलट त्या मरणानेच महाराष्ट्र पेटून उठला. पानिपतावर १७६१ साली जनकोजी शिंदे आणि इब्राहिमखान गारदी जिवंत सापडले व पकडल्यानंतर मारले गेले. त्यांना कोणी भेकड म्हटले नाही. मग राजाला आणि सरदाराला लागू पडणारा न्याय अकरा रुपयांच्या शिपायाला का लागू पडू नये? शिवाय कुटला शरण जाण्याचा निर्णय शिपायाने घेतला नव्हता. तो सेनापतीचा निर्णय होता. त्याची किंमत मात्र शिपायाने मोजली. १९४२ च्या २१ जूनला आफ्रिकेतील टोब्रुक पडले, तेव्हाही पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी पलटण अशीच वरिष्ठांच्या निर्णयाने जर्मन-इटालियन फौजेच्या कैदेत गेली.

ना कुंकू, ना श्राद्ध

युद्धात मेलेल्याच्या घरी तार येते. कैदेत मेलेल्याच्या घरी पुष्कळदा काहीच येत नाही. ‘बेपत्ता’ हा शब्द येतो, आणि घर त्या शब्दाशी वर्षानुवर्षे झुंजत बसते. पानिपताहून सदाशिवरावभाऊ परतले नाहीत. पार्वतीबाईंनी त्यांचा मृत्यू कधीच मानला नाही; १७८३ साली त्या वारल्या तोपर्यंत सौभाग्यलेणे उतरविले नाही. दरम्यान भाऊंच्या नावाने तोतया उभा राहिला आणि सारे पुणे ढवळून निघाले. कोणाचे प्रेत पाहिले नाही की आशा मरत नाही, आणि आशा मरत नाही तोवर शोकही पुरा होत नाही.

ही केवळ पेशवाईतली कथा नव्हे. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांचे विमान ५ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानातील शोरकोट रोड येथील विमानतळावरील हल्ल्यात पडले. पकडलेल्या वैमानिकांच्या नावांत ‘टॉम्बे’ असे नाव पाकिस्तानी वृत्तपत्रात छापून आले होते. त्यांच्या विवाहास तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या राष्ट्रीय कीर्तीच्या बॅडमिंटनपटू. पुढील सारे आयुष्य त्यांनी या एका प्रश्नाच्या पाठपुराव्यात घालविले. अशा बेपत्ता जवानांच्या यादीत ५४ नावे होती म्हणून ‘चोपन्न’ हा आकडाच त्यांची ओळख बनला. १९८३ आणि २००७ साली नातेवाइकांनी पाकिस्तानातील तुरुंग पाहिले. कोणी भेटले नाही. आपल्या तुरुंगांत असा कोणीही कैदी नाही, हीच पाकिस्तानची भूमिका राहिली. विशेष हे की, त्याच युद्धात शरण आलेले सुमारे ९३ हजार पाकिस्तानी युद्धकैदी व नागरी स्थानबद्ध भारताने सांभाळले आणि १९७३ च्या दिल्ली करारानंतर परत पाठविले.

युद्धकैद्यांविषयीचा १९४९ चा जिनिव्हा करार या बाबतीत संदिग्ध नाही. कैदेत मेलेल्याचा मृत्यू नोंदवावा, शक्य असेल तर त्याच्या धर्माच्या विधीप्रमाणे त्याला सन्मानाने निरोप द्यावा, त्याची कबर केव्हाही शोधता येईल अशी खूण ठेवावी, दहन झाले असल्यास रक्षा जपून ठेवावी, असे त्याचे १२० वे कलम सांगते. हे कलम लिहिणाऱ्यांना एक साधी गोष्ट कळली होती : मेलेल्यावर उपकार करता येत नाहीत, पण मागे राहिलेल्यांना निश्चिती देता येते. कायदा सात वर्षे बातमी नसलेल्यास मृत धरू शकतो. मन धरीत नाही.

आपल्या धर्मशास्त्राने मात्र या माणसांसाठी एक जागा राखून ठेवली आहे. ज्याची मृत्युतिथी ठाऊक नाही त्याचे श्राद्ध भाद्रपदातल्या सर्वपित्री अमावास्येला करावे, असा प्रघात आहे. रास-अल-ऐनच्या वाटेवर मेलेल्या शिपायाची तिथी कोणाला ठाऊक असणार? त्याला अग्नी मिळाला नाही, कारण वाळवंटात लाकूड नव्हते आणि थांबण्याची मुभा नव्हती. कोकणातल्या आणि घाटावरच्या किती घरांत सर्वपित्रीला एक पान ‘बसऱ्याला गेलेल्या आजोबां’चे वाढले गेले असेल, त्याची गणती कोणत्याही दप्तरात नाही. जेथे सरकारने संख्या ठेवली तेथे घराने निदान पान ठेवले.

काय करता येईल

आता पानही मांडले जात नाही आणि सांगणारी पिढीही गेली. परंतु ज्या जिल्ह्यांतून पलटणींत भरती झाली, त्याच जिल्ह्यांतून पुढे मुंबईच्या गिरण्यांत, अंबरनाथच्या शस्त्रास्त्र कारखान्यात आणि या पट्ट्यातील इतर कारखान्यांत माणसे आली. अंबरनाथ-बदलापुरातल्या चाळींत आणि सोसायट्यांत त्यांची नातवंडे-पतवंडे राहतात. उल्हासनगरच्या सिंधी घरांतही मागे राहिलेल्या आणि कधीच न परतलेल्या माणसांच्या आठवणी आहेत. म्हणजे या विषयाचे दप्तर दिल्लीत किंवा लंडनमध्ये जितके आहे, तितकेच आपल्या शेजारच्या घरात आहे.

येथील शिक्षकांनी एक गोष्ट सहज करण्याजोगी आहे. इतिहासाच्या तासाला पहिल्या महायुद्धाची कारणे पाठ करून घेण्याबरोबरच मुलांना सांगावे की, दिवाळीत किंवा मे महिन्यात गावी जाल तेव्हा चावडीवरची किंवा शाळेतली पाटी पाहून या. त्यावरचा आकडा लिहून आणा. मग घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला विचारा की, त्या आकड्यात आपल्या भावकीतले कोणी होते काय. युद्धकबरी आयोगाच्या नोंदी आता कोणासही घरबसल्या पाहता येतात. पलटणीचे नाव ठाऊक असले तर त्यांत शोध घेता येतो. बापाचे नाव आणि गाव जुळले तर तो कागद वहीत चिकटवावा. एका वर्गातून वर्षाकाठी एक नाव निघाले तरी पुरे आहे. दहा शाळांनी दहा वर्षे हे केले, तर शंभर माणसे संख्येतून बाहेर येतील. नगरपालिकांनी वाटल्यास त्यांच्यासाठी दगड लावावा. पण नावे मिळण्याआधी दगड लावू नये. नावाविना दगड लावण्याची चूक एकदा झालेली आहे.

शाळेत हजेरी घेताना आम्ही शिक्षकही सोयीसाठी क्रमांकच पुकारतो. मूल ‘हजर’ म्हणते आणि आम्ही पुढच्या क्रमांकाकडे वळतो. त्यात दोष नाही, कारण मूल समोर बसलेले असते. जो समोर नाही, आणि ‘हजर’ म्हणू शकत नाही, त्याला मात्र नावानेच हाक मारावी लागते.